भोक मोठं केल्याशिवाय बुजत नाही

गाडीच्या दाराला गंज चढला तर तो मालकाच्या आधी सोसायटीला दिसतो. वॉचमन सांगतो, तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतात, आणि व्याही मंडळी सांगत नाहीत पण लक्षात ठेवतात. इंजिनाचा ब्लॉक गंजला तर मात्र कुणालाच पत्ता लागत नाही. बिडाचा तो मणभर वजनाचा ठोकळा बॉनेटखाली तेलकट अंगानं निवांत बसलेला असतो. बाहेरून थोडा तांबूस दिसला तरी त्याचं काही बिघडत नाही. त्याला पोखरणारा गंज आतून येतो, पाण्याच्या वाटेनं, आणि ते पाणी मालकानंच स्वतःच्या हातानं, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीनं ओतलेलं असतं.

सिलिंडरभोवती पाणी खेळवायला ब्लॉकच्या पोटात पोकळ्या ठेवलेल्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना वॉटर जॅकेट म्हणतात. पोकळी आणि सिलिंडर यांच्यामध्ये असतं ते फक्त काही मिलिमीटर बीड. त्याच्या पलीकडे दोन हजार अंशांच्या वर पेटणारं इंधन, अलीकडे ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी. एवढ्याशा भिंतीच्या भरवशावर माणूस सासू-सासऱ्यांना मागं बसवून पसरणीचा घाट चढतो.

या भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे जाऊ-येऊ लागतात. गॅस पाण्यात शिरतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी ऑइलमध्ये उतरतं. मेस्त्री डिपस्टिक ओढून बघतो आणि चारच शब्द बोलतो : "साहेब, ऑइलचा चहा झालाय."

मग चौकशी सुरू होते.

"पाणी कुठलं घालत होता?"

"साधंच. बोअरचं."

"कूलंट नाही?"

"आपल्याकडे कुठं बर्फ पडतोय?"

या शेवटच्या वाक्यानं महाराष्ट्रातले जेवढे ब्लॉक खाल्ले आहेत तेवढे घाटांनी खाल्ले नसतील. कूलंट ही काश्मीर आणि स्वित्झर्लंडच्या लोकांची चैन आहे, अशी आपली पक्की समजूत. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा बर्फ होऊ देत नाही हे खरं. पण त्याच डब्यात थोडे टक्के गंजरोधक रसायनं असतात, आणि त्यांचा बर्फाशी काही संबंध नसतो. बीड, ॲल्युमिनियम, पितळ यांच्या अंगावर पातळ थर धरून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. ती काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलायचं असतं. साध्या पाण्यात ती नसतातच. त्याऐवजी विरघळलेला प्राणवायू असतो, क्षार असतात, क्लोराइड असतं. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून घरात रोज कुरबुर होते, तेच पाणी इंजिनानं मात्र निमूट प्यावं, अशी आपली अपेक्षा असते.

त्यात ब्लॉकच्या घरचं वातावरणही सलोख्याचं नसतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचे जोड शिसं-कथलाचे. ही सगळी मंडळी क्षाराच्या पाण्यात एकत्र बसली की त्यांची बॅटरी तयार होते, आणि बॅटरीत कुणाला तरी झिजावंच लागतं. कुणी झिजायचं हे आपल्याला ठरवता येतं, हे हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये दाखवून दिलं. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्रात खराब होत होते. डेव्हीनं सांगितलं, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा, ते झिजतील आणि तांबं वाचेल. तसंच झालं. तांबं इतकं छान वाचलं की समुद्रातल्या शिंपल्या-शेवाळांनी त्यावर वसाहत केली. विरघळणारं तांबं या जिवांना विषारी असतं, आणि आता ते विरघळेनासं झालं होतं. पत्रे शाबूत, जहाजं मंद. नौदलानं ते तुकडे काढून टाकायला लावले. शास्त्रज्ञ बरोबर आणि गिऱ्हाईक नाराज, असा हा दुरुस्तीच्या धंद्यातला फार जुना प्रसंग. तत्त्व मात्र टिकलं. आजही मच्छीमार बोटींच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात आणि ती खाऊन संपली की नवी लावतात.

डिझेल ट्रकच्या इंजिनाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळीला, बाहेरून थेट पाणी भिडलेलं असतं. पिस्टन वर-खाली जाताना लायनरच्या भिंतीवर आडवा आपटतो, भिंत थरथरते, आणि ती इतक्या झटक्यानं मागं सरकते की पाण्याला तिच्या मागोमाग जाता येत नाही. मध्ये वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच भिंतीवरच मिटतात. मिटताना एवढा दाब देतात की धातूचे कण उडतात. हे बुडबुडे मिटतात कसे आणि तेव्हा दाब किती होतो, याचं गणित लॉर्ड रेले यांनी १९१७ मध्ये मांडलं. १९०४चं नोबेल मिळवलेल्या माणसाला म्हातारपणी बुडबुड्यांकडे वळावं लागलं ते जहाजांच्या पंख्यांमुळे. पंखे असेच खाल्ले जात होते. लायनरवर हे खड्डे एकाच बाजूला, उभ्या रांगेत दिसतात. गंज आणि बुडबुडे मिळून काम करत असले तर लायनर आरपार व्हायला फार वाट पाहावी लागत नाही.

भोक सापडलं की आपला माणूस सगळ्यात आधी स्वयंपाकघरात जातो. ट्रकड्रायव्हरांमध्ये रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत जुनी आहे. घरातल्या लग्नाच्या मुलाआधी ब्लॉकला हळद लागते. पूड पाण्यात फुगते, वाहत जाऊन भोकाशी अडकते, आणि गळती काही काळ थांबते. अडचण एवढीच की हळदीला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही तेवढ्याच मायेनं बुजवते. मग इंजिन गळायचं थांबतं आणि तापायला लागतं.

परदेशी लोक याला हसतील असं वाटत असेल तर तसं नाही. तिकडे मिरपूड आणि अंड्याचा पांढरा बलक टाकणारे निघाले. अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या गळतीच्या काही गोळ्यांत तर चक्क आल्याची वाळलेली पूड असते. म्हणजे आपण हळद घालतो आणि ते सुंठ.

या उपायाचा सर्वांत मोठा मान 'नॉटिलस' या अमेरिकन पाणबुडीनं केला. जगातली पहिली अणुशक्तीवरची पाणबुडी. १९५८ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून जाण्याच्या गुप्त मोहिमेवर निघालेली. तिच्या कंडेन्सरमध्ये खाऱ्या पाण्याची बारीक गळती होती, आणि ती कुठे आहे ते काही केल्या सापडेना. शेवटी खलाशांना साध्या कपड्यांत सिअॅटल शहरात पाठवलं गेलं. त्यांनी गॅरेजं आणि दुकानं पालथी घालून मोटारींच्या रेडिएटरसाठीचं गळती बंद करणारं औषध विकत घेतलं, शंभराहून अधिक डबे. ते कंडेन्सरमध्ये ओतलं आणि गळती थांबली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिलस ध्रुवाखालून गेली. अणुभट्टी सांभाळणाऱ्या अभियंत्यांना जे जमलं नाही ते नाक्यावरच्या दुकानातल्या डब्यानं केलं. ही गोष्ट कुठल्याही मेस्त्रीला सांगू नये, तो बिलात वाढ करेल.

या औषधांमध्ये एक खरोखर गुणी आहे : सोडियम सिलिकेट. कूलंटच्या पाण्यातून ते भेगेपर्यंत जातं आणि भेगेत गरम धातूशी गाठ पडली की काचेसारखं कडक होऊन बसतं. 'ब्लॉक सीलर' म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत हेच असतं. गंमत अशी की कित्येक फाउंड्र्यांत ओतकामाचे वाळूचे साचे आणि गाभे घट्ट करायलाही हेच वापरतात. वाळूत सिलिकेट कालवायचं, वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, साचा दगड होतो. म्हणजे ब्लॉकच्या बाळंतपणाला जे हजर, तेच आजारपणात उशाशी. आणि २००९ मध्ये अमेरिकन सरकारनं त्यालाच जल्लाद नेमलं. जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या मोडीत काढून नवी गाडी घेणाऱ्यांना सूट देण्याची योजना होती. मोडीत आलेली गाडी कुणी गुपचूप पुन्हा रस्त्यावर आणू नये म्हणून इंजिन कायमचं मारणं सक्तीचं. पद्धत ठरली : ऑइल काढा, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओता आणि इंजिन चालू ठेवा. काही मिनिटांत ते बेअरिंगांवर कडक व्हायचं आणि इंजिन जाम. पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या अशा मारल्या गेल्या. पाण्याच्या झाकणातून ओतलं तर औषध आणि ऑइलच्या झाकणातून ओतलं तर विष. बाटलीवरच्या सूचना वाचायला हव्यात त्या एवढ्यासाठी.

हे सगळे घरापर्यंत पोचण्याचे उपाय. खरी दुरुस्ती सुरू होते ती इंजिन उतरवल्यावर, आणि तिची सुरुवात गिऱ्हाइकाच्या आरोळीनं होते. कारण भोक बुजवायला आणलेल्या ब्लॉकचं भोक मेस्त्री आधी मोठं करतो.

त्याला इलाज नसतो. गंज म्हणजे आधीच निकामी झालेलं लोखंड. त्याच्यावर पुटी लावली तर पुटी गंजाला धरते, बिडाला धरत नाही, आणि गंज आपल्या वेळेनुसार सुटून येतो. म्हणून चकाकता धातू दिसेपर्यंत खरवडायचं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे कित्येक जुने ब्लॉक आपल्याच गंजाचं बूच लावून वर्षानुवर्षं चाललेले असतात. ते धुतले की बूच जातं. एका भोकासाठी आलेल्या ब्लॉकमध्ये तीन निघतात.

"अहो, आणला तेव्हा एकच होतं!"

"आणला तेव्हा एकच दिसत होतं."

हा संवाद मराठीत, हिंदीत आणि बहुधा लॅटिनमध्येही झाला असावा. तपासणी मात्र खोटी नसते. ब्लॉकची सगळी तोंडं प्लेटा लावून बंद करतात, आत हवा भरतात, वरून साबणाचं पाणी. फुगा येईल तिथे भोक. त्याहून जुनी रीत रॉकेल आणि खडूची : संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड फासायची. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. महागड्या लाल शाईच्या स्प्रेचंही तत्त्व हेच.

खरवडण्याआधी गंज काढायचे जे उपाय आहेत त्यांत एक कोल्हापूर-सांगलीकरांनी मनावर घ्यावा असा आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियातले जुन्या गाड्यांचे वेडे लोक गंजलेला ब्लॉक उसाच्या मळीत बुडवून ठेवतात. जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी मळी एक भाग, पाणी नऊ-दहा भाग, मुक्काम दोन-तीन आठवडे. मळीतली संयुगं गंजातलं लोखंड धरून विरघळवतात आणि चांगल्या बिडाला फारसा धक्का लावत नाहीत. मिश्रण आंबतं, त्यावर साय येते, माश्या येतात, आणि शेजारी येतात ते भांडायला. ॲल्युमिनियमचा तुकडा मात्र त्यात चुकूनही टाकायचा नाही, त्याला मळी खाते. ज्या जिल्ह्यांत साखर कारखानेही आहेत आणि फाउंड्र्याही, तिथे ही पद्धत रुजायला हरकत नव्हती. पण मळीपासून दारू होते, म्हणून तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. पिंपातली मळी एक सिलिंडर ब्लॉक पितोय, हे साहेबांना पटवणं रिबोअरपेक्षा अवघड काम आहे.

धातू चकाकला की मग भोक कुठं आहे यावर सगळं ठरतं. जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर प्रकरण सौम्य. तिथे दाब थोडा. भोक ड्रिलनं गोल करायचं, आटे पाडायचे, बिडाचा किंवा पितळेचा प्लग पिळून बसवायचा. लोखंडाची पूड घातलेलं इपॉक्सी लावलं तरी चालतं, आणि नीट साफ केलेल्या जागी ते वर्षानुवर्षं टिकतं. एम-सीलची बदनामी झाली ती लावणाऱ्यांनी जागा न पुसल्यामुळे.

भोक सिलिंडरच्याच भिंतीत असेल तर मात्र तिथे पुटीबिटी चालत नाही. डाळीच्या दाण्याएवढ्या भोकासाठी मेस्त्री अख्खा सिलिंडर वरपासून खालपर्यंत बोअर करून मोठा करतो आणि त्यात नवी स्लीव्ह दाबून बसवतो. गिऱ्हाईक हे बघायला थांबलं तर त्याला खुर्ची द्यावी. लेथवाल्याच्या हातून बिडाचा काळा भुगा पडत असतो आणि मालकाला तो स्वतःच्या पगारातून पडतोय असं वाटतं. पण हीच दुरुस्ती सगळ्यांत भरवशाची. स्लीव्ह घातलेला सिलिंडर मूळच्या सिलिंडरइतकाच चालतो, कधी जास्तही.

वेल्डिंगबद्दल गिऱ्हाइकाला भलताच विश्वास असतो. "मारा की एक टाका!" बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, त्यामुळे साधा रॉड लावला की शेजारची जागा काचेइतकी ठिसूळ होते. टाका चांगला दिसतो, मेस्त्री हात पुसतो, आणि ब्लॉक निवताना 'टिक्' असा आवाज येतो. नवी भेग जुन्या भेगेच्या शेजारी, समांतर. जाणते कारागीर अख्खा ब्लॉक भट्टीत पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवतात, जोडतात आणि राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू देतात. नाहीतर निकेलचा रॉड घेऊन इंच-इंच टाका मारतात, प्रत्येक टाक्यावर हातोडी चालवतात आणि हात लावता येईपर्यंत थांबतात. थांबणं हा यातला सर्वांत महाग भाग, आणि बिलात तो दाखवता येत नाही.

बीड जोडता येतं यावर जगाचा विश्वास बसला तो पहिल्या महायुद्धात. अमेरिकन बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी जहाजं हातची जाणार हे ओळखून इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले. नवे ओतायला फार काळ लागला असता. १९१७ मध्ये अमेरिकेनं जहाजं ताब्यात घेतली, विजेच्या वेल्डिंगनं आणि ठिगळं लावून ते सिलिंडर काही महिन्यांत जोडले, आणि ती जहाजं सैन्य घेऊन जर्मनीशी लढायला निघाली. पुढे १९३०च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रात, जिथे ठिणगीलाही बंदी, तिथून आगीशिवाय शिवण्याची रीत आली. भेगेवर ओळीनं भोकं पाडायची, आटे पाडून प्लग बसवायचे, दुसरा प्लग पहिल्याला थोडा कापूनच बसवायचा, आणि भेगेच्या आडवे धातूचे काटे ठोकायचे. एका भेगेसाठी वीस-पंचवीस भोकं. हिशेब तोच : कमी करायला आलेल्या गिऱ्हाइकाची भोकं वाढवून द्यायची.

हा सगळा खटाटोप परवडतो का? लायसन्स-परमिटच्या काळात हा प्रश्न कुणी विचारत नव्हता, कारण गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. ब्लॉक वीस, चाळीस, साठ थाउनं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर होत जाई आणि त्यापुढे स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर येई. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून याच जोरावर चालल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची रस्त्यावरून उतरली तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमानं. आजच्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला बरेचदा कंपनीच हात लावू देत नाही. अख्खं अर्धं इंजिन बदला म्हणते. तिथे मेस्त्री "कंडम" म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना त्याच्याही आवाजात थोडी नाराजी असते, कारण त्यात त्याचं काम नाही.

बिडाच्या दुरुस्तीची कला अजून जिवंत बघायची असेल तर पावसाळ्यात किनाऱ्यावर जावं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत बोटी ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असलेलं पाणी शेजारी, त्यामुळे तिथल्या मेस्त्रीला गंज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो हीट एक्स्चेंजर उघडतो, गोडं पाणी आणि खारं पाणी वेगळं राहिलंय ना ते बघतो, आणि नसेल तर तांडेलाला जे सुनावतो ते मासिकात छापता येत नाही.

हे वाचून कुणाला आत्ताच खाली जाऊन रेडिएटरचं झाकण उघडून बघावंसं वाटलं, तर गाडी नुकतीच चालवली नाही ना एवढं पाहा. झाकणाखालचं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण उघडताच एकदम उकळून तोंडावर येतं. सिलिंडरला स्लीव्ह बसते, चेहऱ्याला बसत नाही. गाडी पूर्ण निवल्यावर, शक्यतो सकाळी बघा. पाणी हिरवं किंवा गुलाबी असेल तर झाकण लावून चहा घ्या. तांबडं असेल तर मेस्त्रीकडे जा. आणि कधीकाळी हळद टाकली असेल, तर ती त्याला आधीच सांगून टाका.